ड्रॅकन्सबर्गच्या डोंगरात शांत लॉजवर राहायचंय? नेहमी येणारे प्रश्न

मी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला राहते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून, दुबईहून आणि इथे जोहान्सबर्गला आलेल्या मराठी मंडळींकडूनही तेच तेच प्रश्न येत राहतात, ते सगळे एका जागी लिहून ठेवलेत. लॉज म्हणजे इथे मी डोंगरउतारावरची शांत, थोड्या खोल्यांची जागा धरलीय. वॉटरस्लाइड आणि गोल्फवाली रिसॉर्टं या भागात आहेत, पण ती या यादीत नाहीत.

१. ड्रॅकन्सबर्ग नक्की कुठे येतं? क्रूगरच्या जवळ आहे का?

नाही, क्रूगर हे सफारीचं उद्यान पार ईशान्येला, मोझांबिकच्या हद्दीवर. ड्रॅकन्सबर्ग क्वाझुलू-नाताल प्रांताच्या पश्चिम कडेला, लेसोथोला लागून. वर ३००० मीटरच्या आसपास उभा कडा, खाली गवताळ टेकड्या आणि नद्या, आणि बहुतेक लॉज या खालच्या टेकड्यांवर. २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं, २०१३ ला लेसोथोचं सेहलाबाथेबे उद्यानही त्यात जोडलं गेलं. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला वरचा भाग बघताक्षणी ओळखीचा वाटतो, कारण तोही लाव्ह्याचे थर साचून झालेला काळा बेसॉल्टच आहे, फक्त आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा १८ कोटींच्या आसपासचा. खाली मात्र फिकट पिवळा वालुकाश्म आहे आणि त्याच्याच कपारींमध्ये सान लोकांची, म्हणजे इथल्या मूळ शिकारी रहिवाशांची, प्रसिद्ध गुहाचित्रं आहेत (प्रश्न १५).

२. नॉर्दर्न, सेंट्रल, सदर्न असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आम्ही कुठलं बुक करू?

नॉर्दर्न म्हणजे रॉयल नाताल नॅशनल पार्क आणि ॲम्फिथिएटर, म्हणजे जवळजवळ ५ किलोमीटर लांब सलग कडा, ज्याच्यावरून तुगेला धबधबा टप्प्याटप्प्याने ९४८ मीटर खाली येतो. इथलं तेंदेले कॅम्प सरकारी वन्यजीव खात्याचं आहे आणि तिथल्या शॅलेसमोर कडा असा उभा आहे की दुसरीकडे बघायला सुचत नाही. सेंट्रलमध्ये कॅथीड्रल पीक, शॅम्पेन व्हॅली, इंजिसुथी, जायंट्स कासल. शॅम्पेन व्हॅलीत दुकानं, कॅफे भरपूर, लहान मुलं असतील तर सोयीचं, पण शांतता हवी असेल तर जायंट्स कासल किंवा इंजिसुथी. सदर्न म्हणजे अंडरबर्ग, हिमव्हिल, सानी पास, तिथे गर्दी सगळ्यात कमी.

पहिल्यांदा येत असाल तर तेंदेले किंवा जायंट्स कासल, माझं मत पक्कं आहे.

३. केपटाऊन, क्रूगर, गार्डन रूट (दक्षिण किनाऱ्यालगतचा रस्ता) सगळं करायचंय, ड्रॅकन्सबर्गला एक रात्र पुरेल ना?

नाही पुरणार, आणि हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. एका रात्रीत होतं असं की तुम्ही संध्याकाळी दमून पोचता, तोवर सूर्य कड्यामागे गेलेला असतो, जेवून झोपता आणि सकाळी चेकआउट. त्यात ढग असले तर कडा दिसतच नाही. इथे ढग दोन-दोन दिवस बसतात आणि मग अचानक पहाटे सगळं उघडतं, ते बघायला तुम्ही तिथे असायला हवं ना. कमीत कमी तीन रात्री, जमलं तर चार, आणि त्याही एकाच लॉजवर. नॉर्थला एक, सेंट्रलला एक असं करू नका, दऱ्या एकमेकींना वरून जोडलेल्या नाहीत, प्रत्येक वेळी खाली हायवेकडे येऊन पुन्हा आत जावं लागतं आणि अर्धा दिवस गाडीत जातो. वेळ नसेलच तर गार्डन रूट पुढच्या वेळी ठेवा.

४. कोणत्या महिन्यात यावं? मे महिन्याच्या सुट्टीत चालेल का?

मे उत्तम! इथे ऋतू उलटे, म्हणजे आपला कडक उन्हाळा तेव्हा इथे शरद संपत आलेला असतो, आकाश स्वच्छ, पाऊस जवळपास बंद, गवत सोनेरी व्हायला लागलेलं, दिवसा एका स्वेटरमध्ये भागतं. एप्रिल-मे हाच माझ्या मते सगळ्यात चांगला काळ.

जून ते ऑगस्ट कोरडा हिवाळा. दिवसा ऊन छान पण रात्री पारा शून्याखाली जातो आणि कड्यावर अधूनमधून बर्फ पडतो. घरांना सेंट्रल हीटिंग नसतं, शेकोटी, हीटर किंवा बेडवरचं इलेक्ट्रिक ब्लँकेट यावरच काम चालतं, त्यामुळे बुक करताना खोलीत नक्की काय आहे ते विचाराच. याच काळात वणवा पसरू नये म्हणून मुद्दाम गवताचे पट्टे जाळतात, डोंगरावर काळे पट्टे आणि धूर दिसला तर घाबरू नका. तुगेला धबधबा मात्र हिवाळ्याअखेर अगदी बारीक होतो, कधी दिसतही नाही, फक्त त्याच्यासाठी येणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारी बघा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिरवंगार, पण दुपारी विजा आणि गडगडाट जवळजवळ रोजचाच, चालायचं असेल तर पहाटे निघून दुपारी एकच्या आत परत. इस्टर, जून-जुलैच्या शाळेच्या सुट्ट्या आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा या तीन वेळा टाळा, रेट वाढतात आणि शांतताही जाते.

५. व्हिसा लागतो का? मुलांचे काही वेगळे कागद?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, लॉजचं बुकिंग दाखवावं लागतं म्हणून कॅन्सल करता येणारं बुकिंग घ्या आणि दोन महिने आधीपासून सुरुवात करा. पासपोर्टमध्ये दोन पानं कोरी हवीत.

१८ खालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला बरोबर ठेवा, इंग्रजीत. एकच पालक येत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येत असतील तर दोन्ही पालकांचं संमतीपत्र लागतं आणि ते विमानात बसायच्या आधी मुंबईतच तपासू शकतात. लेसोथोत डोकवायचा विचार असेल तर फॉर्म भरायच्या आधी प्रश्न १९ वाचा.

६. आफ्रिका म्हणजे मलेरियाच्या गोळ्या आणि पिवळ्या तापाची लस घ्यायलाच हवी ना?

ड्रॅकन्सबर्गमध्ये मलेरिया नाही. मलेरिया क्रूगरकडच्या सखल भागात आणि क्वाझुलू-नातालच्या ईशान्य टोकाला, तिकडेही जाणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या.

पिवळ्या तापाचा धोका दक्षिण आफ्रिकेत नाही, अडतं ते विमानाच्या रूटवर. अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून स्वस्त तिकीट मिळतं, पण ते देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत आणि तिथे मुक्काम झाला किंवा १२ तासांच्या वर थांबलात तर इथे उतरताना सर्टिफिकेट मागतात. परत भारतात शिरतानाचे नियम आणखी कडक आहेत. म्हणून तो रूट असेल तर लस घेऊनच टाका, निघायच्या किमान १० दिवस आधी, कारण सर्टिफिकेट त्यानंतरच लागू होतं. दुबई-दोहावरून येणाऱ्यांना हा प्रश्नच नाही.

७. जोहान्सबर्गला उतरू की डर्बनला? तिथून बस मिळते का?

डर्बनहून साधारण ३ तास, जोहान्सबर्गहून ४ ते ५. फक्त ड्रॅकन्सबर्ग करायचं असेल तर डर्बन सरळ पडतं आणि मसाल्याची खरेदीही होते (प्रश्न १०). दोन्हीकडून रस्ता एकच, एन-थ्री हायवे, मग बर्गव्हिल किंवा विंटरटनकडे आत वळायचं. थेट लॉजपर्यंत जाणारी सार्वजनिक बस नाही, गाडी भाड्याने घ्या किंवा लॉजला पिकअप विचारा. टोलला थोडी रोख रँड ठेवा, बाहेरचं कार्ड कधी चालतं कधी नाही.

८. भारतातलं लायसन्स चालेल? मिस्टरांनी परदेशात कधी गाडी चालवली नाहीये.

चालेल, फोटो, सही आणि इंग्रजी मजकूर असलेलं असलं की झालं, पण गाडी देणाऱ्या काही कंपन्या इंटरनॅशनल परमिट मागतात म्हणून आरटीओतून काढून आणा. गाड्या इथे डावीकडूनच चालतात त्यामुळे तेवढी भीती नको. नवीन असतो तो फोर-वे-स्टॉप, म्हणजे चारही बाजूंना थांबायची पाटी, जो आधी येऊन थांबला तो आधी निघणार, आणि लोक ते मनापासून पाळतात.

एकच गोष्ट अगदी कडकपणे पाळा, अंधारात डोंगराकडचा रस्ता चालवू नका. हायवे सोडला की खड्डे आहेत, दिवे नाहीत, आणि गुरं-बकऱ्या रस्त्यावर उबेला येऊन बसतात. हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडायला लागतो. फ्लाइट दुपारी उतरत असेल तर ती रात्र शहरात काढा आणि सकाळी निघा.

९. सेल्फ-केटरिंग लिहिलंय म्हणजे जेवण अजिबात नाही?

हो, जेवण तुमचं तुम्ही करायचं. किचनमध्ये गॅस किंवा इलेक्ट्रिक हॉब, फ्रीज, भांडी, ताटवाट्या, बाहेर ब्राय म्हणजे कोळशावर भाजायची जागा. तेंदेले असंच आहे. सगळं सामान बर्गव्हिल किंवा हॅरिस्मिथलाच भरून घ्या, आत गेल्यावर दूध-ब्रेडसाठी परत यायला जीवावर येतं. डिनर-बेड-ब्रेकफास्ट लिहिलेलं असेल तर रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो, दुपारचं नाही.

१०. आम्ही प्युअर व्हेज आहोत, घरात एक जण जैन जेवण घेतात. उपाशी राहावं लागेल का?

अजिबात नाही, आणि त्याला कारण आहे. १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून ट्रुरो हे जहाज डर्बनला लागलं, उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले मजूर घेऊन, आणि तेव्हापासून या प्रांतात भारतीय वस्ती आहे. डर्बनच्या मसाला मार्केटमध्ये तूरडाळ, हिंग, मोहरी, कढीपत्ता, पोह्यांपर्यंत सगळं मिळतं, सुपरमार्केटमध्येही डाळी, तांदूळ, पीठ असतंच. दह्याच्या जागी अमासी घ्या, बाटलीत मिळतं, आंबट घट्ट दूध, त्याची कढी आणि ताक दोन्ही झकास होतं. चकालाका म्हणून भाज्यांचा तिखट प्रकार डब्यात मिळतो, भाताबरोबर छान लागतो, फक्त कांदा असतो त्यात, जैन मंडळींनी लक्षात ठेवा.

लॉजच्या रेस्टॉरंटमध्ये व्हेज म्हटलं की पास्ता नाहीतर बटरनट भोपळ्याचं सूप, तीन रात्री तेच खाऊन कंटाळा येतो. म्हणून शाकाहारी मंडळींना मी सेल्फ-केटरिंगच सुचवते. भारतातून ताजी फळं, भाज्या, बिया, मध, दूध-तूप आणू नका, एअरपोर्टवर काढून घेऊ शकतात.

११. प्लग कोणता लागतो? युनिव्हर्सल ॲडॉप्टर घेतलाय.

तो बहुतेक इथे बसणार नाही, पॅकेटवर दक्षिण आफ्रिका लिहिलंय का ते बघा. इथलं जुनं सॉकेट म्हणजे तीन जाड गोल पिनांचं, आपल्याकडे गीझर आणि एसीला असतं ना, अगदी तेच १५ अँपियरचं. त्यामुळे आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा मोठ्या पिनेचा साधा कन्व्हर्जन प्लग आणा, स्वस्तात काम होतं. व्होल्टेज भारतासारखंच, २३०. वादळात वीज जाते, टॉर्च हवाच.

१२. खोली निवडताना काय बघायचं? माउंटन व्ह्यूला जास्त पैसे घेतायत.

द्या, हे पैसे वसूल होतात. पण हिवाळ्यात येत असाल तर आणखी एक विचारा, व्हरांडा उत्तरेकडे आहे का. इथे सूर्य उत्तरेकडून कलतो, आपल्या उलट, त्यामुळे दक्षिणेकडच्या खोलीत जुलैत दिवसभर ऊन येत नाही आणि ती रात्री बर्फासारखी गार पडते. कडा पश्चिमेला असल्याने सूर्य लवकर आड जातो, कड्यावर थेट ऊन पडतं ते सकाळी, फोटोचा अलार्म त्या हिशोबाने लावा.

१३. माकडांचा त्रास होतो असं रिव्ह्यूमध्ये वाचलं, खरंय?

बबून असतात आणि ते खरंच हुशार आहेत. सरकती खिडकी बोटभर उघडी राहिली तरी बोटं घालून सरकवतात, प्लॅस्टिकची पिशवी दिसली की त्यात खाणं असतं हे त्यांना पक्कं माहीत. पाच मिनिटांसाठी बाहेर पडलात तरी सगळ्या खिडक्या बंद, दाराला कुलूप, गाडीही लॉक. खायला कधीच देऊ नका, डोळे रोखून बघू नका आणि हातातलं ओढलं तर सोडून द्या. ज्या बबूनला एकदा माणसाकडून खाण्याची सवय लागते त्याला शेवटी बहुतेक वेळा मारावं लागतं, म्हणून हे मनावर घ्या.

१४. सिंह, हत्ती दिसतील का? आणि रात्री बाहेर बसणं सेफ आहे का?

सिंह-हत्ती इथे नाहीत, म्हणूनच तर पायी फिरता येतं. त्यांच्यासाठी ह्लुह्लुवे-इमफोलोझी अभयारण्यात दोन रात्री वेगळ्या काढा. इथे दिसतो तो एलँड, सगळ्यात मोठ्या हरणांपैकी एक, आणि आकाशात दाढीवालं गिधाड. जायंट्स कासलला गिधाडं बघायला डोंगरावर लपणगृह आहे, आधी बुक करावं लागतं. सापांमध्ये पफ ॲडरची काळजी घ्या, तो वाटेवरून हलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाय कुठे पडतोय ते बघून चाला.

रात्री लॉजच्या व्हरांड्यात खुशाल बसा, गरम कपडे घालून. जमलं तर अमावास्येच्या आसपास या. जुलैत रात्री वृश्चिक थेट डोक्यावर असतो, महाराष्ट्रातून तो दक्षिणेकडे कलून दिसतो. त्रिशंकू बराच वर आलेला दिसतो, आणि डिसेंबरमध्ये मृग चक्क उलटा.

१५. गुहाचित्रं बघायला खूप चालावं लागतं का? सासूबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात.

सासूबाईंना जायंट्स कासलच्या मेन केव्हजला न्या, वाट सोपी आहे, काठी घेऊन सावकाश जमतं. दुसरं ठिकाण कामबर्गचं गेम पास शेल्टर, तिथे चढ आहे, जाऊन येऊन तीनेक तास. दोन्हीकडे गाइडबरोबरच जायचं.

ज्यांना चालता येतं त्यांनी गेम पास चुकवू नये. वालुकाश्माच्या भिंतीवर एक एलँड आहे, मान खाली गेलेली, मागचे पाय एकमेकांत अडकलेले, म्हणजे मरणाच्या दारात असलेला, आणि त्याची शेपटी धरून एक माणूस उभा आहे, त्याचेही पाय तसेच अडकलेले आणि पावलांच्या जागी खूर. तंद्रीत गेलेला सान लोकांचा वैदू आणि मरणारं जनावर एकच होतंय असा त्याचा अर्थ लावतात, आणि या एका चित्रावरून अभ्यासकांना बाकीच्या शेकडो चित्रांकडे बघायची नजर मिळाली. हात लावू नका, रंग नीट दिसावा म्हणून पाणी मारू नका. पूर्वी लोकांनी ते केलंय आणि चित्रं कायमची गेलीत.

१६. ट्रेक कोणता करावा? कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेले आहेत.

मग तुगेला गॉर्ज करा, जाऊन-येऊन साधारण १४ किलोमीटर, पाच-सहा तास, शेवटी नदीतले दगड आणि एक साखळीची शिडी. कड्याच्या माथ्यावर जायचं असेल तर सेंटिनेलची वाट, ती शेजारच्या फ्री स्टेट प्रांताच्या बाजूने विट्सीसहूकवरून सुरू होते, म्हणजे लॉजवरून वळसा घालून जावं लागतं, आणि शेवटी दगडावर ठोकलेल्या उभ्या साखळीच्या शिड्या आहेत. उंचीची भीती असेल तर नको.

निघताना गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, वाट आणि परतायची वेळ लिहाच आणि परत आल्यावर सही करा, शोधायला निघतात ते त्यावरूनच. विजा सुरू झाल्या तर धारेवरून लगेच खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका. उन्हाळ्यातसुद्धा वारा-पाऊस अडवणारं जॅकेट सॅकमध्ये हवं.

१७. गुन्हेगारीचं खूप ऐकतो. आम्ही दोघी मैत्रिणीच येणार आहोत.

शहरांबाबतची काळजी खरी आहे, तिथे गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, सिग्नलला काचा वर, रात्री अनोळखी भागात थांबू नका. लॉजच्या आत वातावरण एकदम वेगळं, मी स्वतः मुलीला घेऊन राहते. ट्रेकवर मात्र दोघीच जाऊ नका, चार जण जमवा किंवा लॉजकडून स्थानिक गाइड घ्या, आणि त्या आठवड्यात कुठल्या वाटेवर काही झालंय का हे रिसेप्शनला विचारा, ते खरं सांगतात. मोबाइलवरून इमर्जन्सीला ११२.

१८. वर्क फ्रॉम लॉज जमेल का? आणि सलग पाऊस लागला तर करायचं काय?

मीटिंग ठरवू नका. दरीत सिग्नल येतो-जातो, वायफाय असलं तर बहुतेक रिसेप्शनपुरतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. भारत साडेतीन तास पुढे आहे हेही लक्षात असू द्या.

पावसात स्पिऑनकॉपला जा, विंटरटन-बर्गव्हिलजवळची टेकडी, २४ जानेवारी १९०० ला इथे ब्रिटिश आणि बोअर (डच वंशाचे शेतकरी) यांच्या युद्धातली भीषण लढाई झाली आणि गांधीजींच्या भारतीय रुग्णवाहिका पथकाने जखमींना इथून वाहून नेलं. वर खंदकातच पुरलेल्या सैनिकांची लांबच लांब कबर आहे. परतताना डर्बनच्या वाटेवर हॉविकजवळ ५ ऑगस्ट १९६२ ला मंडेलांना पकडलं ती जागा, आणि पीटरमॅरिट्झबर्गचं स्टेशन, जिथे ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं. शाळा चालू असतील तर शॅम्पेन व्हॅलीतल्या ड्रॅकन्सबर्ग बॉइज क्वायरचा कार्यक्रमही ऐका, तारीख आधी विचारून.

१९. सानी पास चढून लेसोथोत जाऊन त्याच दिवशी परत, यात काय अडचण आहे?

अडचण व्हिसाची. वर २८७६ मीटरवर दुसरा देश सुरू होतो, तुम्ही दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो, आणि तुमचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर त्याच्यावर परत आत येता येत नाही. म्हणून अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि लेसोथोचा प्रवेश त्यांच्या वकिलातीकडून लेखी पक्का करून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी ‘तिथे कोण कागद बघतंय’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. वाट फोर-बाय-फोरचीच, भाड्याची छोटी गाडी खालच्या चौकीवरच अडवतात. कागद नसतील तर खालचा रस्ताही बघण्यासारखा आहे.

२०. शेवटच्या दिवशी लॉजवरून थेट जोहान्सबर्ग एअरपोर्ट, संध्याकाळी सातची फ्लाइट. जमेल?

नको. वाटेतल्या व्हॅन रीनन्स पासला, म्हणजे घाटात, ट्रक उलटला किंवा हिवाळ्यात बर्फ पडला की एन-थ्री तासन्‌तास बंद राहू शकतो. रात्री दहानंतरची फ्लाइट असेल तर नाश्ता करून आठला निघा. त्याच्या आधीची असेल तर शेवटची रात्र एअरपोर्टजवळ काढा, आणि लॉजच्या तीन रात्री त्याच्यातून कमी करू नका (प्रश्न ३). गाडी परत करायला, टाकी फुल करायला आणि शटलने टर्मिनलला पोचायला तासभर वेगळा धरा.